लाल सोडून वाच

माझ्या वहीची उजवी बाजू देवाची आणि डावी टाइपबाईंची. असं काही मी ठरवून केलेलं नाही. सकाळची प्रार्थना झाली की गॅस पेटवायच्या आधी दोन ओळी लिहायची मला लग्नाआधीपासूनची सवय. आदल्या दिवशी कुणाला काय बोलले, कुठे चुकले, कशाबद्दल देवाचे आभार मानायचे राहिले. शाई मागे उमटते म्हणून डावं पान मी कोरं सोडायचे. मग बाईंकडे जायला लागले आणि त्या शिकवायच्या ते इंग्रजी त्या कोऱ्या पानांवर येऊन बसलं. पहिल्या पानावर अजून वाचता येतं: "वाक्यात डिड आलं की पुढचं क्रियापद साधं ठेवायचं. डिड नॉट वेंट नाही, डिड नॉट गो." त्याखाली बाईंचे शब्द, जसेच्या तसे: "भूतकाळाचं ओझं एकानं उचललं की पुरे. दोघांनी उचललं की वाक्य वाकडं होतं."

मी हसून लिहून घेतलं होतं. ते ओझं कुणी उचललंय हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. डावी पानं पुन्हा कोरी राहायला लागली, म्हणून हे लिहिते आहे.

सरकारी कचेरीच्या मागच्या गल्लीत एका इमारतीच्या जिन्याखाली बाईंची खोली होती. जिना वर चढत जाई तसं खोलीचं छत खाली येई, त्यामुळे उंच माणसाला आत येताना मान खाली घालावी लागायची. बाई म्हणायच्या, "बरं आहे. अर्ज करायला आलेल्या माणसाला तेवढी सवय हवीच." आत एक टेबल, त्यावर लोखंडी टाइपरायटर, कार्बन कागदांची चपटी पेटी, टाचण्यांची वाटी आणि कधीच न मिटणारा एक मोठा शब्दकोश. त्या टाइपरायटरचं ई अक्षर ओळीच्या जरासं वर उमटायचं. कचेरीतले कारकून कागद हातात घेतल्याबरोबर म्हणत, "हा टाइपबाईंचा." रजेचे अर्ज, नोकरीचे अर्ज, बदलीच्या विनंत्या, परदेशात गेलेल्या पोरांच्या साहेबांना लिहिलेली पत्रं, सगळं त्या वर उडी मारणाऱ्या ई मधून जायचं.

आणि दोन खुर्च्या. एक बाईंची, लोखंडी, उशी बांधलेली. दुसरी लाकडी, हातांची. त्या दुसऱ्या खुर्चीमुळे बाईंची ओळख सगळ्या गल्लीला होती, आणि माझीही झाली.

मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. म्हणजे भांडण कागदावर आणायला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीचं पाणी आमच्या भिंतीत मुरत होतं. देवाची तसबीर होती त्याच भिंतीला ओल आली, तसबिरीच्या मागचा पुठ्ठा फुगला. मला ते फार लागलं. घरमालक परदेशी राहायचे, त्यांना इंग्रजीत कळवायचं होतं. मी मराठीत सांगत गेले आणि बाई टाइप करत गेल्या, मान वर न करता. वरच्या काकू कायम असंच करतात, कधीच ऐकत नाहीत, त्यांना शेजारधर्म म्हणून काही माहीतच नाही. सगळं सांगून झालं तसा मला बराच मोकळेपणा वाटला.

बाईंनी कागद ओढून काढला आणि उठून उभ्या राहिल्या. "त्या खुर्चीत बस."

"कशाला?"

"तू आता वरच्या काकू. मालकानं हे पत्र तुझ्या दारात उभं राहून वाचून दाखवलंय. ऐक."

आणि त्यांनी ते वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. आवाज ना चढवला, ना पाडला. मी लाकडी खुर्चीत बसून ऐकत होते आणि का कुणास ठाऊक, मला काकूंच्या दाराशी वाळत असलेल्या चादरी दिसायला लागल्या. रोज दोन चादरी. त्यांचे यजमान अंथरुणावर होते, हे मला माहीत होतं. माहीत होतं पण न्हाणीतल्या पाण्याशी ते मी कधी जोडलं नव्हतं.

"ऑलवेज तीनदा आलंय," बाई म्हणाल्या. "नेव्हर दोनदा. लिहून ठेव. ऑलवेज आणि नेव्हर लिहायच्या आधी एक तरी दिवस आठवून बघायचा, जेव्हा तसं झालं नव्हतं. आठवला तर शब्द काढायचा."

"आठवला," मी म्हणाले. मला ताप होता तेव्हा काकूंनी चार दिवस आमचं दूध घेऊन ठेवलं होतं.

पत्र बदललं. त्यात नळ दुरुस्त करायची विनंती होती, आणि ती काकूंच्या आणि माझ्या, दोघींच्या वतीनं होती. शेजारी कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. बाहेर पडताना तो कुलूपवाला म्हणाला, "बसवलं वाटतं खुर्चीत? टाइपबाई, तुमच्यापायी या गल्लीतली भांडणं मोडायला लागली. माझी कुलपं कुणी घ्यायची?"

"तू किल्ल्या विक," बाई आतूनच म्हणाल्या.

त्यानंतर मी आठवड्यातून तीन दुपारी जायला लागले. आमचे हे म्हणाले, "इंग्रजी शिकून कुणाशी बोलणार आहेस? देवाशी?" मी म्हटलं, देवाला सगळ्या भाषा येतात, मलाच एक येते. टाचण्या लावणं, कार्बन घालणं, कागद जुळवणं मी करायची आणि बाई मधेमधे सांगायच्या. माणूस पहिल्यांदा गोष्टीत आला की अ मॅन, दुसऱ्यांदा आला की द मॅन. "पहिल्या भेटीत तो कुणीतरी असतो. दुसऱ्या भेटीतही तो कुणीतरीच राहिला, तर चूक आपली." ठरावीक दिवसापासून मोजायचं असेल तर सिन्स, नुसता काळ सांगायचा असेल तर फॉर. "ज्याला तो दिवस विसरता येत नाही त्याचं सिन्स. बाकीच्यांचं फॉर." डिस्कस शब्दाला अबाउट लागत नाही. "बोलायचं असेल तर सरळ बोल. कशाबद्दल, कशाविषयी करत बसलं की मूळ गोष्ट राहून जाते."

एकदा मी माझ्या सरावाचा कागद तपासायला दिला आणि सोबत लाल पेन ठेवलं. शाळेत असं असतं म्हणून. बाईंनी ते पेन बोटानं टेबलाच्या कडेला सरकवलं. "हे पिशवीत ठेव. इथे आणू नकोस." आणि पेन्सिलीनं, अगदी पुसट, दोन खुणा केल्या. त्या खोलीत लाल रंगाचं काही नव्हतं, हे मला त्या दिवशी लक्षात आलं. टाइपरायटरची दोन रंगी फीतसुद्धा त्या आणत नसत.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची, आणि तीही किती टिकेल सांगता येत नाही. त्या दिवशी बाईंनी टाइपरायटरवर कापड घातलं आणि मला म्हणाल्या, "तुला वेळ आहे का? मला एक पत्र लिहायचंय. आयुष्यभर दुसऱ्यांची लिहिली. हे माझं."

लिहायच्या आधी त्यांनी जे सांगितलं, ते मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवलं होतं.

बाईंना एकच भाऊ, आठ वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली म्हणून बाईंनीच त्याला वाढवलं. पुढे तो लांबच्या एका बंदरावर, मासे साठवायच्या शीतगृहात हमाली करायला गेला. तिथे कारकुनाची जागा मिळायची शक्यता होती, पण इंग्रजी यायला हवं. बाईंनी ठरवून दिलं: दर आठवड्याला मला इंग्रजीत एक पत्र लिही, काहीही लिही. मी चुका दुरुस्त करून, गुण देऊन परत पाठवीन. तो लिहायचा. जेवण कसं आहे, थंडी किती, खोलीत कोण कोण आहे. बाई लाल शाईनं दुरुस्त करायच्या आणि परत धाडायच्या. चार वर्षं असं चाललं. त्याचं लग्न झालं तेही पत्रातून कळलं. त्या पत्राला सहा गुण होते.

"मग एक पत्र आलं," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी माझ्याकडे भरतीचे अर्ज. दारात रांग. घरी वडील अंथरुणावर, त्यांना दुपारचं औषध द्यायला धावायचं होतं. मी त्याचं पत्र घेतलं, लाल पेन घेतलं, भराभर दुरुस्त केलं. दहापैकी सात. खाली लिहिलं, छान प्रगती. पाकीट बंद करून रस्त्यात पेटीत टाकलं."

त्यांनी टाइपरायटरवरचं कापड सारखं केलं.

"तिसऱ्या दिवशी एका माणसाचं सांत्वनाचं पत्र टाइप करत होते. त्याच्या मित्राची बायको गेली होती. वाइफ शब्द टाइप केला आणि बोटं थांबली. हा शब्द मी परवा दुरुस्त केला होता. म्हणजे त्याच्या पुढचा. डाय लिहिलं होतं त्यानं, मी डाइड केलं होतं."

भावाची बायको बाळंतपणात गेली होती. मुलगी झाली होती, ती जगली होती. तिला कसं धरायचं हे आपल्याला कळत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. ताई, तू ये, असं लिहिलं होतं. आणि ताईनं त्याला सात गुण दिले होते.

"मी शब्द सगळे वाचले होते गं," बाई म्हणाल्या. "एकही सुटला नव्हता. पत्र तेवढं वाचलं नव्हतं."

त्यांनी लगेच लिहिलं. ते पत्र महिन्यानं परत आलं, खोलीच्या पत्त्यावर राहत नाही असा शिक्का घेऊन; त्याचंही पुन्हा पत्र आलं नाही. बंदर दोन दिवसांच्या वाटेवर. वडिलांना टाकून जाता येईना. "ते कारण खरं होतं," त्या म्हणाल्या. "पण वडील सहा महिन्यांत गेले. कारण संपलं. तरी मी गेले नाही."

"का?"

"लाज. पहिल्यांदा ती पाहुण्यासारखी येते. फार दिवस राहिली की घरातलीच होऊन बसते. मग तिला जा म्हणायला तोंड होत नाही." सव्वीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. त्यानंतरच त्या दुसरी खुर्ची घेऊन आल्या होत्या.

"आता मला त्याचं उत्तर हवंय," त्या म्हणाल्या. "शिव्या दिल्या तरी चालेल. पण माझ्या डोळ्यांनी वाचता यायला हवं. त्याचं अक्षर बघायचंय. तेवढी नजर आहे तोवर."

पत्र त्यांनी मराठीत सांगितलं. "इंग्रजी नको. त्यात मी मास्तरीण होते." मी वहीचं पान फाडून लिहायला घेतलं. त्यांनी सुरुवात केली, "माझ्या हातून त्या वेळी एक चूक घडली," आणि लगेच हात वर केला. "खोड ते. बघितलंस, कशी पळवाट काढते माणसाची जीभ? कचेरीवाले असंच लिहितात, मिस्टेक्स वेअर मेड. चुका झाल्या. कुणी केल्या ते नाही. कर्ता लिही. मी चूक केली."

लिहिलं. पत्र सगळं मिळून पाच ओळींचं झालं. मग त्या स्वतः उठल्या, चाचपडत लाकडी खुर्चीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वाच. मी आता तो." मी वाचलं. त्या म्हणाल्या, "पाठव. तो रागावेल. पण पाठव."

पत्ता जुना, म्हणून टपालावर विसंबायचं नाही असं ठरलं. बाईंकडे परवान्यांचे अर्ज करून घेणारा एक ट्रकवाला होता. दूरदूरच्या फेऱ्या करायचा म्हणून गल्लीत त्याला लांबपल्ला म्हणत. त्याची फेरी त्या बंदरावरून जायची. त्यानं पाकीट खिशात न ठेवता टोपीच्या अस्तरात घातलं. "खिशातलं मी विसरतो बाई. टोपी विसरली तर टक्कल ओरडतं."

मग वाट बघणं. समोरच्या भिंतीवर कुलूपवाल्याची पाटी होती, तीवर दुकानाचं नाव आणि खाली रंगवलेली मोठी किल्ली. बाई रोज दारात उभ्या राहून पाटी वाचायच्या, नजर तपासायला. पहिल्या महिन्यात सगळं वाचता यायचं. मग छोटी अक्षरं गेली. मग फक्त किल्ली राहिली. कुलूपवाल्यानं एक दिवस गुपचूप पाटी रंगवायला काढली आणि अक्षरं दुप्पट मोठी केली. बाईंना कळलं. म्हणाल्या, "अरे, किल्ली कुठे गेली?" मोठ्या अक्षरांना जागा करताना किल्ली पुसली गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं ती कोपऱ्यात पुन्हा काढली.

मी रोज प्रार्थनेत त्यांच्यासाठी मागायची. आधी मागायची, भावाचं उत्तर येऊ दे. मग पाटीवरची अक्षरं जायला लागली तसं मागणं बदललं, लवकर येऊ दे. देवाला अशी घाई करणं बरं नव्हे हे मला कळत होतं, पण वहीत तसंच लिहिलेलं आहे.

लांबपल्ला दोन महिन्यांनी आला. दारात मान खाली घालून उभा राहिला आणि आत यायलाच तयार होईना. बाईंनी चाहूल ओळखली.

"ये. मान तर आधीच खाली घातलीयस."

"बाई, पाणी द्या आधी."

मी पाणी दिलं. तो उभ्यानंच प्यायला. मग म्हणाला, "शीतगृह आहे अजून. माणसंही जुनी आहेत. भाऊ तुमचे तिथेच कारकून झाले होते. मोठे कारकून. सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. त्यांना तिथे बिनचूक म्हणायचे, नावानं कुणी हाक मारायचंच नाही."

"म्हणायचे," बाई म्हणाल्या.

लांबपल्ल्यानं माझ्याकडे बघितलं.

"तिच्याकडे काय बघतोस? म्हणायचे म्हणालास. मला काळ कळतो."

"दोन वर्षं झाली, बाई. छातीत दुखलं कामावरच. तिथेच गेले."

बाईंनी टेबलाची कड धरली. बाहेर कुलूपवाल्याची कानस चालली होती, ती थांबली.

"मुलगी?" त्यांनी विचारलं.

"आहे. तिथेच कामाला आहे, वजनं लिहिते. तुमचं पत्र तिनं वाचलं. उभ्या उभ्या वाचलं आणि घरी गेली. मला वाटलं, आता काही येत नाही. पण संध्याकाळी ट्रकपाशी हे घेऊन आली." त्यानं टोपी काढून अस्तरातून पाकीट काढलं. "म्हणाली, मी त्यांना ओळखत नाही. पण हे त्यांच्या नावाचं आहे, माझ्याकडे राहून काय उपयोग."

"कशी आहे दिसायला?"

"बारीक आहे. फार बोलत नाही." मग त्यानं जरा आठवून सांगितलं, "पाकीट दोन्ही हातांनी धरून आली होती."

तो गेला. पाकिटात दोन कागद होते. बाईंनी ते हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले, बाजूला नेले, उजेडाकडे धरले. कडेच्या नजरेनं त्यांना अजून थोडं दिसायचं. मला वाटलं, दिसेल, निदान आज तरी दिसेल. थोड्या वेळानं त्यांनी कागद माझ्यापुढे धरले. "लाल दिसतंय," त्या म्हणाल्या. "बाकी नाही. काय आहे?"

एक कागद जुना, घड्यांवर फाटायला आलेला. निळ्या शाईत वेडंवाकडं इंग्रजी आणि त्यावर सगळीकडे लाल. गोल, बाण, वर लिहिलेले शब्द. कोपऱ्यात सात, त्याखाली छान प्रगती. दुसरा कागद अगदी नव्यासारखा जपलेला. त्यावर तेच पत्र पुन्हा लिहिलेलं, टाकानं, ओळी आखून. प्रत्येक लाल दुरुस्ती जागच्या जागी घेतलेली. तारीख पहिल्या पत्रानंतर अकरा दिवसांची. टपालात कधी न पडलेलं.

मी जे दिसत होतं ते सांगितलं. बाईंचा चेहरा मी विसरू शकत नाही.

"नीट उतरवून काढलं त्यानं," त्या फार हळू म्हणाल्या. "त्याला वाटलं, चुका होत्या म्हणून मी आले नाही."

मी म्हणाले, "बाई, तसंच असेल असं कशावरून? पाठवलं नाही त्यांनी. कदाचित..."

"कदाचित," त्या म्हणाल्या. "लिहून ठेव तो शब्द. माणसाबद्दल बोलताना त्याच्यासारखा शब्द नाही. पण आज मला नको."

त्या उठल्या. दोन पावलांवरची लाकडी खुर्ची त्यांनी हातानं शोधली आणि बसल्या. इतकी वर्षं त्या खुर्चीत त्यांनी दुसऱ्यांना बसवलं होतं. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. "वाच."

मी साहजिकच चांगला कागद उचलला. मला वाटलं, त्यानं इतकं नीट लिहिलं आहे, तेच त्यांना आवडेल. कागदाच्या आवाजावरून त्यांना कळलं.

"तो नको. पहिला."

"त्यात खुणा फार आहेत, बाई. वाचता येणार नाही."

"लाल सोडून वाच."

मी जुना कागद घेतला. लाल सोडून वाचणं सोपं नव्हतं. इतके दिवस बाईंकडे शिकल्यावर माझाही डोळा आधी दुरुस्तीवरच जायचा, चूक दिसली की जीभ आपोआप बरोबर शब्दाकडे वळायची. मी एकेक शब्दावर बोट ठेवलं आणि त्यानं लिहिलं होतं तसं वाचलं.

"डियर ताई. माय वाइफ डाय सन्डे. बेबी इज गर्ल. शी इज स्मॉल. आय नॉट नो हाउ टू होल्ड. ऑल पीपल गो होम नाउ. ताई, यू कम."

बाई ऐकत होत्या. डोळे उघडेच होते.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी "यू कम" झालं आणि त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हो रे." आणि मग रडल्या. मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसून राहिले. मला पुष्कळ प्रार्थना पाठ आहेत, त्या वेळी एकही आठवली नाही. कुलूपवाल्यानं त्या दुपारी कानस पुन्हा चालवली नाही.

चार दिवसांनी बाईंनी भाचीला पत्र सांगितलं. एवढंच: मी तुझी आत्या. मी येऊ का? लिहून झाल्यावर त्या लाकडी खुर्चीत बसल्या, मला वाचायला लावलं आणि बराच वेळ मान तिरकी करून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांचं ऐकू यायचं मला या खुर्चीत. हिचं काही ऐकू येत नाही. हिला मी एकदाही बघितलेलं नाही ना." तरी पत्र गेलं, टोपीतूनच.

उत्तर आलं ते दीड ओळीचं. "यायची गरज नाही. पत्र लिहिलंत तर वाचीन."

मी घाबरत घाबरत वाचून दाखवलं. मला वाटलं, पहिल्या वाक्यानं त्या मोडतील. पण त्या म्हणाल्या, "दुसरं वाक्य पुन्हा वाच." आणि मग, "हे फार आहे. मला जे करता आलं नाही, तेच ती करते म्हणतेय."

पुढचं एक वर्ष दर गुरुवारी दुपारी आम्ही पत्र लिहिलं. बाई सांगायच्या, मी लिहायची आणि भाचीच्या पत्त्यावर पेटीत टाकायची. त्यांना आता काहीच दिसत नव्हतं. पत्रात उपदेश नसायचा, माफीही पुन्हा पुन्हा नसायची. तुझे वडील लहानपणी कसे झोपायचे. त्यांना कुठल्या पायावर पडल्याची खूण होती. त्यांनी पहिली पाटी कशी फोडली. मुलीला जे कुणीच सांगू शकलं नसतं, ते. माझ्या लिहिण्यात चुका असायच्या, ऱ्हस्वदीर्घ मला आजही नीट येत नाही. मी विचारायची, "बाई, हा शब्द कसा?" त्या म्हणायच्या, "कळतंय ना? मग असू दे."

भाचीचं उत्तर एकदाही आलं नाही. पण पत्रंही परत आली नाहीत. बाई दर बुधवारी विचारायच्या, "परत आलं का गं?" मी म्हणायची, "नाही." त्या म्हणायच्या, "म्हणजे पोचलं." आणि बोटावर एक वाढवायच्या.

नजर गेल्यापासून बाई त्या जिन्याखालच्या खोलीतच राहायच्या. एका मंगळवारी सकाळी त्या उठल्या नाहीत. कुलूपवाल्यानं दार उघडलं. किल्ली लागली नाही, दार नुसतंच लोटलेलं होतं.

गुरुवारी दुपारी मी सवयीनं जिन्याखालच्या खोलीत गेले. टाइपरायटरवर कापड होतं. मी लोखंडी खुर्चीत बसून भाचीला लिहिलं. "तुझी आत्या गेली," असं लिहिलं, मग त्याखाली काय लिहावं सुचेना. दुःखद बातमी कळविण्यात येते की, असं एकदा लिहून खोडलं, कारण कोण कळवतंय ते त्यात नव्हतं. शेवटी लिहिलं: "मी त्यांच्यासाठी लिहीत होते. त्यांच्या पत्रांतल्या चुका माझ्या होत्या. तू वाचतेस, असं त्या धरून चालल्या होत्या."

मग उठून लाकडी खुर्चीत जाऊन बसले आणि रिकाम्या खोलीत ते मोठ्यानं वाचलं. पाकीट बंद केलं आणि पेटीत टाकलं.

आज बुधवार. अजूनही परत आलेलं नाही.